खडवलीच्या दुधाचं चीज

खोली भाड्याने द्यायची तर घरमालक काय विचारतो? नोकरी कुठे, माणसं किती, पाहुणे फार येतात का. आमच्या नौपाड्यातल्या मालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "वास येतो का?"

लग्नाला तीन महिने झालेले. मी आणि नवरा सकाळपासून ठाण्यात खोल्या बघत फिरत होतो. दोघंही उपाशी, दोघंही एकमेकांवर वैतागलेले. ह्या घराला वर लांब गॅलरी आणि गॅलरीवर तीन बिऱ्हाडं होती. मालकांनी दार उघडलं ते हातात केळीच्या पानाचा तुकडा घेऊनच. बसा नाही, पाणी नाही. पानावर जांभळ्या रंगाचा एक मऊ गोळा होता. "आधी खा, मग बोलू," म्हणाले. मला वाटलं, श्रीखंडाचा काहीतरी प्रकार असेल. भुकेच्या तावात अर्धा गोळा तोंडात टाकला. आंबट लागलं, गोड लागलं, जरासं खारट लागलं, आणि मग मागून एक असा उग्र वास आला की माझे डोळेच मोठे झाले.

"वास येतो का?"

नवऱ्याने माझ्या पायावर पाय दिला. पण माझं तोंड वेळेवर बंद राहिलंय असं आयुष्यात कधी झालेलं नाही. मी म्हटलं, "येतो तर! बोकड जांभळीखाली येऊन उभा राहिल्यासारखा येतो."

मालक, म्हणजे पुढे आमचे काका, हसले ते खोकला लागेपर्यंत हसले. मग आत तोंड करून ओरडले, "अगं खडवली, खोली दिली गं! ह्या मुलीला वास येतो, आणि सांगते पण!"

आतून बाईचा शांत आवाज आला, "कुणाला येत नाही?"

खडवली म्हणजे त्यांची बायको, आमच्या काकू. काका माणसांना नावाने हाक मारत नसत. स्टेशनच्या नावाने मारत. काकूंचं माहेर खडवलीचं, म्हणून त्या खडवली. माझं डोंबिवलीचं, म्हणून मी पहिल्या दिवसापासून डोंबिवली. दूधवाला कळवा, कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी कर्जत. माझा नवरा फलटणचा. "तुमच्या गावाला गाडीच जात नाही हो, तुम्हाला काय म्हणायचं?" असं म्हणून काकांनी त्याला कायम "अहो तुम्ही" वरच ठेवलं. नवऱ्याला हे इतकं लागलं की एकदा तो म्हणाला, निदान आमचं जवळचं स्टेशन, लोणंद तरी म्हणा. काकांनी विचार करून नकार दिला.

तर तो गोळा म्हणजे शेळीच्या दुधाचं ताजं चीज. तेव्हा आम्हाला चीज म्हणजे डब्यातलं पिवळं, वाढदिवसाच्या सँडविचवर किसून घालायचं, तेवढंच ठाऊक. पांढरं, मऊ, लोण्यासारखं फासता येणारं आणि वर फळ घातलेलं चीज असतं हे ठाण्यात फक्त काकांना माहीत होतं. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते, आणि कुठलंसं मशीन शिकायला कंपनीने त्यांना दीड महिना फ्रान्सला धाडलेलं. शाकाहारी माणूस, भाषा येत नाही, चार दिवस पावावर काढले. मग ज्या म्हातारीकडे उतरलेले, तिने आपल्या शेळ्यांच्या दुधाचं चीज केलं, त्यात आलुबुखाराचा मुरंबा घातला आणि ह्यांच्यापुढे ठेवलं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की कुठे थांबणार तेही मला पाठ होतं. "घरातली सगळ्यात चांगली बशी काढली तिने. निळ्या काठाची. शेळीच्या दुधासाठी!" इथे थांबायचे आणि स्वयंपाकघराकडे बघायचे. मला वाटायचं, गोष्ट रंगवायला थांबतात.

दर रविवारी सकाळी काका खडवलीला जात. तिथे काकूंच्या भावाकडे शेळ्या होत्या. साडेदहाला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली दुधाची बरणी घेऊन परत. ती बरणी काकूंच्या स्वयंपाकघरात जात नसे. "माझ्या ओट्यावर नाही," एवढंच त्या म्हणायच्या, आवाज न चढवता. त्यामुळे काकांचा वातीचा स्टोव्ह गॅलरीत, बरोब्बर आमच्या दारासमोर. दूध तापवायचं, खाली उतरवायचं, आणि थेंब थेंब लिंबू पिळत बसायचं. फुटलं की सगळ्या गॅलरीला हाक, "या रे, फाटलं! फाटलं!" कर्जतच्या आजी खिडकीतून म्हणायच्या, "चांगलं दूध मुद्दाम नासवतो हा मेला." त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर: "नासवत नाही हो, फाडतो! नासतं ते आपलं आपण. फाडायला अक्कल लागते."

मग ते जुन्या पंच्यात बांधून गॅलरीच्या हुकाला टांगायचं. खाली पातेलं. संध्याकाळपर्यंत टपटप चालायची, आणि मी धुणं वाळत घालायला गेले की कपाळावर हमखास एक थेंब. जमलेलं पाणी काका स्वतः खाली नेऊन पपईच्या झाडाला घालत. त्या पपया एवढाल्या व्हायच्या की माणसं विचारायला येत.

फळांच्या बाबतीत तर विचारू नका. जांभळाचं चीज दिसायला राजबिंडं, पण दात जांभळे करायचं. चिकूचं म्हणजे काका म्हणत, "शहाणं मूल आहे, कुठे त्रास देत नाही, कुठे लक्षातही राहत नाही." हापूसवर त्यांचा राग होता: "हा दुसऱ्याला बोलूच देत नाही. ह्याच्याबरोबर शेळी काय आणि म्हैस काय." फणस घातला त्या रविवारी खालच्या दुकानदाराने वर माणूस पाठवला, गॅस गळतोय का बघायला. अननस कच्चाच घातला तर दोन तासांत चीज कडू झालं. पुढच्या खेपेला काकांनी तो साखरेत शिजवून घातला आणि मग असं काही झालं की मी तीन वाट्या खाल्ल्या. त्या वेळी मला दिवस गेलेले, ते सोडा.

खायचं कशाशी, ह्याचेही त्यांचे नियम होते. भाजणीच्या थालीपिठावर पेरूचं. काकडीच्या चकतीवर अननसाचं, वर मिरपूड. खारी बिस्किटावर चिकूचं, तेही खारी आमच्या गल्लीतल्या बेकरीची असेल तरच. गरम भाकरीवर कधीच नाही, "पाणी सुटतं, अपमान होतो." चहाबरोबर कुणी खाल्लं तर ते पुढ्यातली बशी उचलून नेत. आणि पानात वाढायचं तर कुठे, हा मोठाच घोळ होता. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ. चीज कुठल्या अंगाला? नवरा म्हणायचा, "चटणीसारखं लावून खायचं, म्हणजे डावीकडे." त्यावर काका एकदम गंभीर व्हायचे. "डाव्या बाजूला बसवायला ते काय आश्रित आहे?" ह्यावर एकदा दुपारभर वाद झाला आणि शेवटी नवऱ्याला चीज मिळालं नाही.

न मिळण्याचं आणखी एक कारण असायचं. "काका, तुमच्या कष्टाचं चीज झालं!" हा विनोद जो करेल त्याला त्या दिवशी चीज नाही. मराठी माणूस, समोर चीज ठेवलेलं, आणि हा विनोद करायचा नाही म्हणजे काय यातना असतात ते आम्हालाच माहीत. पाहुणा आला की आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो. दहातले आठ तो विनोद करून बसायचे. काका वाटी मागे घेत आणि म्हणत, "अजून व्हायचंय ते. होईल तेव्हा मी सांगेन."

का व्हायचं होतं, ते कळायला मला महिनाही लागला नाही. चीज तयार झालं की पहिली वाटी काका काकूंपुढे नेऊन ठेवत. काही बोलत नसत, नुसते उभे राहत. काकू वर झाकणी ठेवून म्हणायच्या, "राहू दे. बघू." सोमवारी सकाळी ती वाटी तशीच्या तशी आमच्याकडे यायची. आम्ही यायच्या आधीपासून हे असंच चाललेलं, अकरा वर्षं. सगळ्या नौपाड्याला वास येतो का विचारत फिरणाऱ्या ह्या माणसाला उत्तर एकाच माणसाकडून हवं होतं, आणि ती बाई चमचासुद्धा लावत नव्हती.

मी काकूंना विचारलंही. "एकदा खाऊन तर बघा. एवढं काही वाईट नसतं." काकू तांदूळ निवडत म्हणाल्या, "वाईट असेल असं मी कुठे म्हटलं?"

मध्येच एकदा काकांनी माझ्या आईसाठी डोंबिवलीला डबा पाठवला. फळ न घातलेलं, नुसतं पांढरं, कारण "तुझ्या आईला कुठलं फळ आवडतं ते तिचं तिला ठरवू दे." मी डबा दिला आणि गडबडीत सांगायचं विसरले. आईने झाकण उघडून बघितलं: पांढरा गोळा. म्हणाली, सासरहून लोणी आलंय. आणि कढवायला ठेवलं! तूप सुटेना म्हणून आणखी कढवलं. मग तळाला लागलं. अख्ख्या चाळीने खिडक्या उघडल्या. माझी आई, जिचं साजूक तूप डोंबिवलीत वाखाणतात, ती कढईकडे बघत रडकुंडीला आलेली. मी भीत भीत काकांना सांगितलं. त्यांनी चीजच्या नोंदींची वही काढली. "जळल्यावर वास कसा येत होता? शेळीचा की नुसता दुधाचा? नीट आठव, डोंबिवली."

असा हा माणूस. चिडणं माहीतच नाही असं मी समजून चाललेले, आणि तिथेच फसले.

एका रविवारी काका खाली कुणाशी बोलत होते. पातेलं पाण्याने भरत आलेलं. म्हटलं, तेवढीच मदत. मी पातेलं उचललं, आत नेलं आणि पाणी मोरीत ओतलं.

मागून काका आले. "मोरीत?" एवढंच म्हणाले, पण आवाज असा की माझ्या हातून पातेलं पडलं. "मोरीत ओतलंस? कुणी सांगितलं तुला मोरीत ओतायला? ह्या घरात ते दूध मोरीत जाणार नाही! कळलं?" गॅलरीत सगळी माणसं जमली. मी रडायला लागले. मला रडताना बघून काका गोंधळले, चपला घालून जे निघून गेले ते तिन्हीसांजेला आले.

दुपारी काकू माझ्याकडे आल्या. माझ्या दारात बसल्या आणि सांगितलं. त्यांच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. घरात चैत्राचं हळदीकुंकू, बायका जमलेल्या. काकूंना तापातून उठून चार दिवस झालेले. ते कळून त्यांचे वडील खडवलीहून आले, एका हातात शेळीच्या दुधाची बरणी, दुसऱ्या हातात पळसाच्या पानात बांधलेली करवंदं. सासूबाईंनी दारातच बरणी घेतली आणि सगळ्या बायकांसमोर दूध मोरीत ओतलं. "आमच्याकडे शेळ्याबिळ्यांचं चालत नाही," म्हणाल्या.

"बाबांनी रिकामी बरणी उचलली," काकू म्हणाल्या. "मोरीतच विसळली, आणि घेऊन गेले. परत ह्या घरात कधी पाणी प्यायले नाहीत."

"आणि काका?"

"दारात उभे. आपल्याच चपलांकडे बघत."

मी म्हटलं, "म्हणून तर ते एवढं करतात ना, काकू? सगळं तुमच्यासाठीच..."

"अगं, मला कळत नाही का?" काकू पहिल्यांदाच जरा जोरात बोलल्या. "पण मला चीज कुठे हवंय? एक शब्द बोलायचा होता ह्यांनी. सासूबाई जाऊनही वर्षं झाली. हे बोलत नाहीत, फळं आणतात."

आता मी गप्प बसायला हवं होतं. भाडेकरूने मालकाच्या घरातलं काढू नये, एवढी अक्कल मला होती. पण पुढच्या रविवारी काका गॅलरीत पेरू चिरत बसलेले दिसले आणि माझ्याच्याने राहवलं नाही. "काका, फळ बदलून काही व्हायचं नाही. ते मोरीचं आहे ना, ते एकदा काकूंशी तोंडाने बोला."

सुरी थांबली. "तिने सांगितलं?"

"हो."

हातातली फोड त्यांनी ताटलीत टाकली. मग म्हणाले, "माझी आई होती गं ती."

"आणि ते काकूंचे वडील होते."

काका उठून आत गेले. नवरा म्हणाला, "छान. आता खोल्या बघायला लागू."

त्यानंतरचे दोन रविवार काका खडवलीला गेलेच नाहीत. हुक मोकळा, पंचा घडी घालून ठेवलेला. गॅलरीत वास नाही, हाक नाही. इतकं चुकल्यासारखं वाटायला लागलं की कर्जतच्या आजीसुद्धा विचारत्या झाल्या, "का रे, नासवलं नाहीस?"

मग पितृपक्ष आला. काकांच्या आईची तिथी रविवारी होती. शनिवारी काका गुपचूप खडवलीला जाऊन दूध घेऊन आले. चीज टांगलं. मी विचारलं, कुठलं फळ? "काही नाही," म्हणाले.

तिथीला कल्याणहून काकांच्या मोठ्या बहीण, म्हणजे काकूंच्या वन्सं आल्या, गॅलरीतली आम्ही सगळी होतो. खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, असं साग्रसंगीत पान वाढून गच्चीवर ठेवलं. आणि कावळा येईना. म्हणजे कावळे होते, चांगले चार. समोरच्या नारळावर बसून आमच्याकडे बघत होते. अर्धा तास झाला. खाली वडे गार होत होते, कावळा शिवल्याशिवाय आम्हाला जेवता येणार नव्हतं, आणि माझ्या पोटात पोर लाथा मारत होतं.

"आईची काहीतरी इच्छा राहिलीय," वन्सं म्हणाल्या, आणि हात जोडून सुरू झाल्या, "आई, तुझ्या पणतीचं बारसं थाटात करू गं!" कावळे जागचे हलले नाहीत. "आई, तुझ्या पाटल्या मी मोडणार नाही गं!" एक कावळा उडाला, तो पलीकडे गेला.

तेव्हा काका पुढे झाले. हात जोडले. "आई, तुझं काय राहिलंय ते मला माहीत नाही. माझं राहिलंय ते सांगतो." "माझ्या सासऱ्यांच्या हातातली बरणी घेऊन तू दूध मोरीत ओतलंस. ते चूक होतं. मी दारात उभा होतो आणि गप्प बसलो. ते त्याहून चूक होतं."

"अरे, आज तिथीच्या दिवशी काय हे!" वन्सं म्हणाल्या.

काका काकूंकडे वळले. त्यांनी काकूंना नावाने हाक मारली. ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "चुकलो मी," म्हणाले. "तेव्हाच म्हणायला हवं होतं."

काकू वळल्या आणि जिना उतरून गेल्या. काका तसेच हात जोडून उभे. मला वाटलं, झालं, सगळं माझ्यामुळे झालं.

थोड्या वेळाने काकू वर आल्या. एका हातात हुकावरून सोडवलेलं पंच्याचं गाठोडं, दुसऱ्या हातात करवंदाच्या मुरंब्याची बरणी. हा मुरंबा त्या दर उन्हाळ्यात माहेरच्या करवंदांचा घालत आणि कुलपात ठेवत. खाली वाकून त्यांनी पानावर, खिरीच्या शेजारी, चीजचा चांगला मोठा गोळा ठेवला. वर दोन चमचे करवंदं घातली. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "घ्या, सासूबाई. आता चालेल."

आम्ही मागे सरलो. आणि आला की हो कावळा! त्याला नवीन वास लागला असेल, मी आपली असंच म्हणते. वड्याकडे बघितलं नाही, खिरीत चोच बुडवली नाही. सरळ चीज उचललं आणि नारळावर जाऊन बसला. "नासलेलं खाल्लं गं बाई!" कर्जतच्या आजी ओरडल्या. काकू इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

खाली पंगत बसली. काकांनी सगळं चीज करवंदांत कालवलं आणि पातेलं घेऊन काकूंच्या पानाशी आले. "डावीकडे वाढू की उजवीकडे?"

"मध्ये वाढा," काकू म्हणाल्या. "भात मागून."

पंगतीत कुणी घास उचलेना. काकूंनी बोटाने चीज घेतलं, करवंदासकट, आणि खाल्लं. सावकाश खाल्लं. काका वाकून उभे. ज्याला त्याला इतकी वर्षं विचारलेला प्रश्न, पण आता तोंडातून फुटेना. शेवटी अगदी हळू म्हणाले, "वास येतो का?"

काकूंनी मान हलवली. "येतो," म्हणाल्या. "आमच्या घरचा येतो."

काका तिथेच, पातेल्यासकट खाली बसले. खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले आणि म्हणाले, लिंबाचा हात लागला. लिंबू तर त्यांनी आदल्या दिवशी पिळलेलं. मलाही भरून आलेलं, आणि अशा वेळी माझं जे होतं तेच झालं. तोंड उघडलं.

"काका, शेवटी झालं की नाही तुमच्या कष्टाचं..."

"डोंबिवली!" काका आणि काकू एकदम ओरडले.

पण बोलून गेले होते. नियम म्हणजे नियम. काकांनी सगळ्या पंगतीला चीज वाढलं, फलटणच्या माणसाला दोनदा वाढलं, आणि मला वगळून पुढे गेले.